उजवं वळण

"ढकलत नेलीस? आख्खी गाडी?"

"आख्खी नाही तर काय, अर्धी ढकलणार? आणि ढकलली नाही. हाताला धरून नेली. तेवढं एकच वळण."

"हाताला धरून! गाडी आहे ती, बालवाडीतली पोर नाही. लोकांसमोर..."

"लोक कुठले? एक दूधवाला होता."

"त्या दूधवाल्यानेच सांगितलं ना मला! म्हणतो, काका, काकूंची गाडी बंद पडली होती का हो घाटात? मी थांबणार होतो, पण वळण संपलं आणि त्या टांग टाकून भुर्रकन निघूनही गेल्या. आता काय सांगू मी त्याला?"

"सांगायचं, पेट्रोल वाचवते."

बाबा खुर्चीत, ऑपरेशन झालेला पाय समोरच्या स्टुलावर, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. आई स्वयंपाकघराच्या दारात, डोक्यात अजून हेल्मेट, फक्त काच वर केलेली. हेल्मेट काढायचंही न सुचता माणूस भांडायला उभं राहतं तेव्हा मध्ये पडू नये, एवढं मला कळत होतं. मी मधल्या टेबलाशी बसून वाटाणे सोलत होते आणि दोन्हीकडचे संवाद ऐकत होते.

"ज्याला वळता येत नाही," बाबा म्हणाले, "त्याने सरळ रस्त्याला चालवावी. बाजारात जावं, बँकेत जावं, मिरवावं."

"सरळ रस्त्याला वरची शाखा नाहीये, अहो. ती घाटाच्या डोक्यावर आहे."

"मग जाऊ दे ना त्या टायला."

आईने काच खाली केली. खाड् असा आवाज झाला. आमच्याकडे तो शेवटचा शब्द.

'टाय' म्हणजे आईच्या दुकानातला तिचा सहकारी. उन्हाळा असो, वीज गेलेली असो, गळ्यात टाय. आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. एकोणीस वर्षं झाली. टायला पाच. दुकान मोठं, काचेचं, दिव्यांनी नुसतं झगमगतं. पण आईची तपासायची खोली म्हणजे जिन्याखालची जागा. तिथलं छत तिरकं. गिऱ्हाईक बसतं ते ताठ, आणि आई उभी राहते ती मान वाकवून. तिने तपासायचं, तिने नंबर काढायचा, फ्रेम नाकावर नीट बसते का ते तिने बघायचं, आणि जाताना गिऱ्हाईक गल्ल्यावरच्या मालकांना हात जोडून म्हणणार, "काय स्वच्छ दिसायला लागलं हो, साहेब!" मालक मान डोलावणार.

त्या मालकांनी घाटावरच्या गावात छोटी शाखा काढायचं ठरवलं. एकाच माणसाची शाखा: तपासणार तोच, विकणार तोच, किल्लीही त्याच्याच खिशात. खाली राहून वर रोज जायचं तर बस उपयोगाची नाही, ती दुपार डोक्यावर आल्यावर पोचते. मालकांनी आईला आणि टायला समोर उभं करून सांगितलं होतं, "शाखा सुरू करायच्या सोमवारी मी नऊ वाजता वर असेन. बाई, काम तुमचं चोख आहे, पहिला हक्क तुमचा. पण घाटाचं बघा. नऊला वर दिसलात तर किल्ली तुमची. नाहीतर याची."

तेव्हापासून आईला दुसरं काही सुचत नव्हतं. रात्री दिवा घालवल्यावर अंधारातून आवाज यायचा, "तिथे उत्तरेला खिडकी आहे म्हणे." थोड्या वेळाने, "आरसा मी दाराशी नाही लावणार."

गाडी बाबांची. गिअरची, जुनी, वजनदार. बाबांचा गुडघा गेला तशी ती जिन्याखाली कापड पांघरून उभी होती. एका सकाळी आईने ते कापड ओढून काढलं, घडी घातली आणि मला म्हणाली, "चल, मागच्या गल्लीत धर मला." मी धरलं. बाबा गॅलरीतून ओरडत होते, "क्लच! क्लच! अगं तो नव्हे!" संपूर्ण गल्ली आ वासून बघत होती. आई पडली, उठली, गाडीला दोन शब्द सुनावले, पुन्हा बसली. त्या वर्षी ती पन्नाशीला टेकली होती. आता सरळ रस्त्याला तिला कुणी गाठू शकत नाही. कानाला वारा लागला की गाणं म्हणते. पण वळण आलं की गाणं बंद, खांदे कानांपर्यंत वर, हात लाकडासारखे. आणि घाटातलं ते एक वळण, जिथे रस्ता गुंडाळी होऊन स्वतःच्याच अंगावर परत फिरतो, तिथे गाडी तिला न विचारता बाहेरच्या कठड्याकडे जायला लागली. आई थांबली. उतरली. पुढचं दूधवाल्याने सांगितलंच.

त्या भांडणानंतर मी शिट्टीबाईंना शोधून काढलं.

शिट्टीबाई वाहतूक पोलिसात होत्या. आयुष्यभर मोटारसायकलवर. निवृत्त झाल्या तरी शिट्टी गळ्यातच, म्हणून हे नाव. रविवारी सकाळी एका बंद गोदामाच्या सिमेंटच्या अंगणात त्या गाडी शिकवतात. रंगाचे रिकामे डबे मांडून वर्तुळ करतात, आणि कडेला घडीच्या खुर्चीत बसतात.

"बोला," त्या आईला म्हणाल्या. "वळणाच्या आधी काय करता?"

"घाबरते."

"छान. खरं बोलता. ते झाल्यावर?"

"ब्रेक मारते."

"कुठे?"

"वळणातच. भीती तिथेच वाटते ना."

"वळणात मारलेला ब्रेक म्हणजे भांडण पेटल्यावर नवऱ्याला समजावणं. वेळ गेलेली असते. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, गाडी सरळ असताना. गिअरसुद्धा आधीच पाडायचा. मग आत शिरायचं ते निवांत, हलकासा गॅस ठेवून. गाडी कलते, तिला कलू द्यायचं. ती पडत नसते, वळत असते. आणि डोळे? डोळे कुठे?"

"डोळ्यांचं मला नका सांगू. एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे डोळे तपासतेय मी."

"मग तर सोपं आहे. डोळे जिकडे, गाडी तिकडे. वळण जिथे संपतं तिथे बघायचं. कठड्याकडे बघितलंत तर कठडा तुमचा."

आई वर्तुळात शिरली. डावीकडून. आणि काय सांगू, सुरेख! पहिल्या फेरीला जरा डुगडुगली, दुसरीला सावरली, तिसऱ्या फेरीला तर शिट्टीबाईंनी खुर्चीचा हात थोपटला. "आता उजवीकडून."

धाड! पहिला डबा गेला. पुन्हा. धाड, धाड! दोन. गाडी प्रत्येक वेळी वर्तुळ सोडून बाहेर. शिट्टीबाईंनी शिट्टी वाजवली.

"डावीकडे राणी, उजवीकडे रद्दी! असं कसं हो?"

"माझा उजवा हात कच्चा असेल."

"हात नाही. मान. डावीकडे जाताना तुमची मान अशी फिरते, घुबडासारखी. उजवीकडे फिरतच नाही. दुखते का?"

"नाही."

"मग?"

आईलाही माहीत नव्हतं. शिट्टीबाई उठल्या. "बसा माझ्या मागे. मी फिरवते, तुम्ही नुसतं बघा." त्यांनी स्वतःची गाडी सुरू केली. आई गेली, आणि सवयीने, दोन्ही पाय डावीकडे सोडून, मागच्या सीटवर बसली. उजवा हात शिट्टीबाईंच्या खांद्यावर.

शिट्टीबाईंनी आरशात बघितलं. गाडी बंद केली.

"तुम्ही अशाच बसता?"

"मग कशी बसणार?"

"नेहमी? किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून."

"म्हणजे या बाजूचा रस्ता," शिट्टीबाईंनी डावीकडे हात केला, "तो सगळा तुम्ही बघितलेला. दुकानं, झाडं, पाट्या. आणि उजवीकडे काय असतं?"

आईने विचार केला. अगदी मनापासून. "उजवीकडे हे असतात."

"हे कोण?"

"अहो, हे! आमचे हे. यांची पाठ. त्या अंगाला मान वळवली की नाक शर्टाला लागतं. आणि त्याच्या पलीकडचा रस्ता तर माझ्या पाठीमागेच पडायचा. तो कधी बघितलाच नाही. बघायचा असतो हेच माहीत नव्हतं."

शिट्टीबाई हसल्या नाहीत. "घोडं इथे पेंड खातंय तर," एवढंच म्हणाल्या. "भीती नव्हे ही. सवय. भीतीवर मला औषध माहीत नाही, सवयीवर आहे."

घरी हे सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. मी जमेल तितकं गोडीने सांगितलं.

"म्हणजे आता माझी पाठ आडवी आली!" बाबा म्हणाले.

"आली नाही, होतीच," आई म्हणाली.

"मी आपली पाठ काढून घरी ठेवायला हवी होती."

"तुम्हाला कुणी बोल लावतंय का? मीच बसायचे ना तशी."

"उन्हातान्हात फिरवलं. पावसात माझा रेनकोट तुला दिला..."

"दिलात. आणि तो डोक्यावरून घेतला की मला डावीकडचंही दिसायचं नाही."

बाबांनी पिशवी गुडघ्यावरून उचलून उगाचच दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. मला वाटलं, झालं, आता आठवडाभर अबोला.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर बाबांची जागा बदललेली. कायम आईच्या डाव्या हाताला बसणारा माणूस ताट घेऊन उजव्या हाताला आला. थोड्या वेळाने म्हणाले, "मीठ दे."

आई उभी अंगाने वळली, खुर्चीसकट.

"मान!" बाबा म्हणाले. "खुर्ची नाही, मान फिरव."

"अहो, मीठ हवंय की मान?"

"दोन्ही."

आणि मग आमच्या घरात उजवीकडून येणाऱ्या आवाजांचा सुळसुळाट झाला. बाबा उजवीकडून पेपर वाचून दाखवायचे. टीव्ही उजव्या कोपऱ्यात गेला. दुकानात आईने काचांची पेटी डाव्या हाताची उजव्या हाताला ठेवली. प्रत्येक गिऱ्हाईकामागे वीस-पंचवीस वेळा मान फिरवायची. टायने विचारलं, "मानेला काही त्रास आहे का, मॅडम?" आई म्हणाली, "होता."

पण गाडीवर बसलं की पुन्हा तेच. मान निघायची, अर्ध्यात अडकायची, डोळे पुढच्या चाकापाशी परत. मग आईनेच शक्कल काढली. दुकानातली डोळे तपासायची जुनी पाटी घेऊन आली. वर एक मोठं अक्षर, खाली उतरत उतरत बारीक. मला म्हणाली, "तू वळण संपतं तिथे ही धरून उभी राहा. मी फिरता फिरता वाचणार. वाचायचं म्हणजे बघावंच लागेल. कशी?"

शिट्टीबाई म्हणाल्या, "डोकं आहे."

मी पाटी छातीशी धरून वर्तुळाच्या टोकाला उभी राहिले. आई उजवीकडून शिरली आणि हेल्मेटमधून खणखणीत आवाज आला: "ग! र, ट! ळ, न, भ!" एकही अक्षर चुकलं नाही. डबा मात्र पडला. पुन्हा. "ग! र, ट! ळ, न, भ!" धाड. सकाळभर हेच चाललं. वाचन पैकीच्या पैकी, आणि अंगणभर डबे लोळताहेत.

"हे काय गौडबंगाल आहे?" शिट्टीबाई खुर्चीतून उठल्या. "वाचतायत बरोबर, आणि गाडी भलतीकडेच!"

माझे हात भरून आले होते. मी पाटी खाली घेतली, आणि बघितलं, तर अक्षरं माझ्या बाजूला. आईच्या बाजूला पाटीची मागची बाजू. कोरी, भुरी, वर चहाचा एक गोल डाग. किती वेळ मी ती तशी धरली होती कुणास ठाऊक.

"आई," मी म्हटलं, "पाटी उलटी आहे."

आईने गाडी थांबवली. काच वर केली. डागाकडे बघत राहिली. शिट्टीबाईंना हसू आवरेना, त्या डब्यावरच बसल्या. मीही हसले. आई हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता.

"ही तर मला पाठ आहे," ती म्हणाली. "ड्रायव्हर लोक येतात ना लायसनच्या तपासणीला, पाटी पाठ करून. शेवटची ओळसुद्धा घडाघडा म्हणतात. मी दारातच ओळखते, पाटी बदलते, म्हणते, दादा, पाठांतर नको, बघून सांगा. आणि मीच... मला खरंच वाटत होतं की मी बघतेय."

तिने हेल्मेट काढलं, मांडीवर ठेवलं. गाडीवर तशीच बसून राहिली. मला वाटलं, आता सोडून देणार. मग म्हणाली, "नवं काहीतरी लिही. दर खेपेला वेगळं. मला आधी सांगू नकोस."

घरी मी रंगाची कांडी घेऊन बसले, तर बाबांनी ती हातातून काढून घेतली. "तू अक्षरं लिहिशील. तिला अक्षरांची भीती नाही. दे इकडे." मला बघूही दिलं नाही. कागद गुंडाळून, वर रबर लावून हातात दिले. "तिथेच उघड."

पुढच्या खेपेला मी टोकाला उभी राहिले आणि आई वळणात शिरल्यावर पहिला कागद उलगडला. गॅस, कल, मान निघाली... अर्ध्यात अडकली... आणि मग, काय लिहिलंय या उत्सुकतेने, पुढे आली. पूर्ण. हनुवटी खांद्यावर.

"दू... ध... वा... दूधवाला बघतोय!" आई किंचाळली. "अहो, काय माणूस आहात हो तुम्ही!" ज्याला ओरडत होती तो घरी होता. गाडीने वर्तुळ असं काटेकोर कापलं की डब्यांच्या आतल्या आत राहिली.

एकही डबा हलला नव्हता.

"थांबू नका!" शिट्टी वाजली. "दुसरा कागद!"

"तु... झा... टा... य... तुझा टाय पोचलासुद्धा! पोचू दे मेल्याला!" पुन्हा स्वच्छ वळण.

तिसऱ्यावर लिहिलं होतं, "ढकलू का?" त्याचं उत्तर आईने जे दिलं ते मी इथे लिहिणार नाही. गाडी मात्र कलून, डौलात, दोरीने बांधल्यासारखी फिरली. मी सांगते, मी खूप जणांना कौशल्याची कामं करताना बघितलंय, पण त्या भुऱ्या अंगणात माझ्या आईची हनुवटी उजव्या खांद्यावर टेकलेली बघताना मी पुढचा कागद उघडायलाच विसरले.

बाबांचे कागद दर रविवारी येत राहिले. हळूहळू ते टोमण्यांतून सूचनांवर उतरले: "आधी गिअर". "कोपर सैल". एकदा नुसतंच "वा". ते वाचलं आणि त्या फेरीत आईचा डबा पडला.

शिट्टीबाई तिला घाटातही घेऊन गेल्या, गर्दी नसते अशा वेळी, आधी सोप्या वळणांवर. पण मोठ्या वळणाच्या अलीकडून परत फिरवायच्या. म्हणाल्या, "ते तुमचं तुम्ही करायचं."

शाखेचा सोमवार उजाडला. आई तयार होऊन खाली आली तर बाबा गाडीपाशी उभे, डोक्यात हेल्मेट.

"हे काय?"

"मी येतोय मागे."

"कशाला?"

"गाडी माझी आहे. कुठे नेतेस ते बघायला नको?"

"या. पण तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. क्लच नाही, ब्रेक नाही, काही नाही."

"नाही काढत."

आता मागे बसायचं तर टांग टाकायला हवी, आणि बाबांचा गुडघा तेवढा दुमडत नाही. त्यांनी एकदा पाय उचलून बघितला. दोनदा बघितला. आई पुढे बसून समोर बघत होती, मुद्दाम. शेवटी बाबा निमूटपणे दोन्ही पाय डावीकडे सोडून बसले आणि उजवा हात त्यांनी तिच्या खांद्यावर ठेवला. मी मैत्रिणीकडून मागून आणलेल्या स्कूटरवर मागे. हसू येऊ नये म्हणून मी ओठ दाताखाली धरले होते.

खालची वळणं आईने अशी घेतली की जणू रस्ताच तिला विचारून वळवला होता. आधी वेग उतरायचा, गिअरचा खट् आवाज यायचा, मग हेल्मेट वळायचं, आणि हेल्मेटच्या मागोमाग गाडी. डावं. उजवं. पुन्हा उजवं. मी तिच्या मागे तिची वाट धरून चालले होते. बाबांचं तोंड दरीकडे. एवढी वर्षं ज्या रस्त्यावर त्यांनी गाडी चालवली, तो त्यांना असा आडवा दिसत असणार पहिल्यांदाच. त्यांची बोटं आईच्या खांद्यात रुतली होती.

मग ते मोठं वळण आलं. उजवीकडचं. डावीकडे कठडा, कठड्यापलीकडे काही नाही. आईने वेग उतरवला. आणखी उतरवला. हेल्मेट उजवीकडे वळलं, पार वर, जिथून रस्ता डोक्यावरून परत येतो तिकडे. आणि वळण सुरू व्हायच्या आतच तिने गाडी कडेला घेतली, थांबवली, दोन्ही पाय जमिनीवर टेकले.

मीही थांबले.

बाबांनी शब्द मोडला. अगदी हळू, चिडून नव्हे, जवळजवळ मायेने म्हणाले, "उतरायचंय का? उतर. काही नाही होत. दोघं मिळून नेऊ."

"बस येतेय," आई म्हणाली.

"कुठे? काही नाहीये."

"वर. दोन झाडं आहेत त्याच्या मागे. लांबडी आहे, वळताना आपल्या अंगावर येणार."

बाबा उजवीकडे बघायला गेले. त्यांच्या नाकासमोर आईची पाठ.

आणि बस आली. खरोखरच लांबडी, भरलेली, करकरत. वळण तिला पुरेना. तिचं नाक सगळा रस्ता ओलांडून आमच्या बाजूला आलं, आम्ही थांबलो नसतो तर जिथे असतो नेमकं तिथे, मग हळूहळू मागे सरकलं. ड्रायव्हरने आमच्याकडे बघून हात वर केला. आईने दोन बोटं वर केली, जुन्या ड्रायव्हरसारखी.

रस्ता मोकळा झाला. उभ्या गाडीवरून, चढावर, मागे वजन, समोर गुंडाळी झालेला रस्ता. शिट्टीबाई म्हणायच्या, धावत्या गाडीपेक्षा हे अवघड. आईने पहिला गिअर टाकला, मागचा ब्रेक धरून क्लच हळूहळू सोडला, हनुवटी खांद्यावर नेली. गाडी निघाली. कलली. कठड्याकडे आईने बघितलंही नाही. एका दमात, एका रेषेत, पाय न टेकता ती वर गेली, आणि वरच्या रस्त्यावरून, माझ्या डोक्यावरून, मला गाणं ऐकू आलं.

वर चौकात दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं. आत मालक आणि टाय. टाय मालकांच्या गाडीतून आला होता आणि वळणांनी त्याच्या पोटात कालवाकालव झाली होती. पांढरा पडून तो स्टुलावर बसला होता, टाय सैल करून. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजायचे होते.

मालक हसत पुढे आले, आईला ओलांडून थेट बाबांकडे. हात मिळवला. "मानलं बुवा तुम्हाला! या गुडघ्यावर घाट चढवलात! आणि वेळेच्या आधी!"

"मी नाही चढवला," बाबा म्हणाले.

"मग?"

"मला चढवलं."

मालकांनी आईकडे बघितलं. तिच्या हातातल्या हेल्मेटकडे, बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे, पुन्हा आईकडे. "एकट्या? म्हणजे, ते मोठं वळणसुद्धा?"

"ते मधेच लागतं, साहेब," आई म्हणाली. "गाळून येता येत नाही."

टाय स्टुलावरून क्षीणपणे म्हणाला, "मॅडम, खरंच?" त्यात कुत्सितपणा नव्हता. शाखा गेली याचं दुःखही त्या घटकेला त्याला झालेलं दिसलं नाही, उलट सुटल्यासारखा वाटला.

मालक शब्दाचे पक्के. त्यांनी खिशातून किल्ली काढून काउंटरवर ठेवली. आईने ती उचलली, मुठीत घेतली आणि लगेच कामाला लागली. खिडकी उघडून उजेड बघितला. भिंतीपासून पावलं मोजत उलटी चालत आली, टायला म्हणाली, "उठ रे जरा," त्याचं स्टूल नेमक्या जागी सरकवलं, पुन्हा त्याला बसवलं. "पाटी तिथे. दिवा वरून नको, बाजूने." ती बोलत होती आणि टाय मान डोलावत होता. मी दाराशी उभी राहून बघत होते. ताठ उभी असली की माझी आई चांगली उंच आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मालक घुटमळत होते. त्यांच्या मनात काहीतरी राहिलं होतं. शेवटी ते बाबांजवळ सरकले आणि आवाज खाली आणून, पुरुषांनी आपापसात बोलावं तसं म्हणाले,

"काय आहे, साहेब, रोजचा घाट. धुकं असतं, ट्रक असतात. उद्या काही कमीजास्त झालं तर बोल मला लागेल. म्हणून आत्ताच स्पष्ट विचारून ठेवतो. तुमची परवानगी आहे ना?"

आवाज खाली होता, पण खोली लहान. आईचा भिंतीवरचा हात थांबला. टायने वर बघितलं. मी बाबांकडे बघितलं.

बाबांनी मालकांकडे नीट, शांतपणे बघून घेतलं. मग काउंटरवरचं आईचं हेल्मेट उचललं, त्याच्या काचेवर बसलेली घाटातली धूळ शर्टाच्या टोकाने पुसली, ते जिथे होतं तिथे परत ठेवलं, आणि हा प्रश्न आपल्याला विचारायचा नव्हेच अशा थाटात, दुखऱ्या पायाने एकेक पायरी उतरत ते दुकानाबाहेर निघून गेले.